पिवळ्या गोळीचं नाव

सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्या तोंडात बॅटरी मारली, आतलं सोलवटलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम." म्हणजे औषधाची दुर्मिळ रिअ‍ॅक्शन. कातडी भाजल्यासारखी सुटते, डोळेही जाऊ शकतात. मग विचारलं, "कुठली गोळी घेतलीत?"

मिस्टरांनी खिशातनं कागदाची पुडी काढली. आत एक पिवळी गोळी, नाव-गाव काही नाही. पाटणकडच्या आमच्या गावात डॉक्टर डब्यातनं गोळ्या काढून पुडी बांधतात. आम्हीही येडे, त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून कधी विचारलं नाही.

लघवीला जळजळ होती, दहा दिवसांचा कोर्स दिला. सातव्या दिवशी ताप, डोळे चुरचुरले, तोंड आलं. परत गेले तर म्हणे उष्णता आहे, सब्जा प्या, कोर्स मोडू नका. आणि मी मेलीनं मोडला नाही! दहाव्या दिवशी पोलकं काढताना दंडाची साल बाहीबरोबर आली.

सांगलीत दाखल केल्यावर उघड्या मांसात जंतू शिरले. अँटिबायोटिक देणं भाग होतं. पण आधीचं कुठलं बाधलं ते कळल्याशिवाय दुसरं द्यायचं कसं? मिस्टरांनी गावच्या डॉक्टरांना फोन लावला.

"आवं, नाव कळून तुमी काय करणार?" हे त्यांचं उत्तर! माझं टाळकंच सरकलं, पण शिव्या द्यायला ओठ कुठं शाबूत होते?

मिस्टर फौजेतनं निवृत्त झालेले. एसटीनं गावी गेले आणि डबा दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणून दवाखान्यात बसून राहिले. दुपारी डब्याचा फोटो आला. सल्फाची गोळी होती. मग ती टाळून माझं औषध सुरू झालं.

सिस्टर दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायच्या, चिकटलेल्या पापण्या हळूच सोडवायच्या. उजव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं, पण नजर राहिली ती त्यांच्यामुळं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

म्हणून सांगते, गोळीचं नाव लिहून घ्या. डॉक्टर रागावला तर रागावू दे. गोळीनंतर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग झाली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

घरी आल्यावर गावचे डॉक्टर नारळ घेऊन भेटायला आले. सुनेनं चहा टाकला.

"नशीब लय चांगलं तुमचं, वयनी," ते म्हणाले.

"नशिबाचं राहू द्या. माझ्यानंतर त्या गोळ्या कुणाकुणाला दिल्यासा?"

त्यांनी नारळ खाली ठेवला. "आता कुठलं आठवतंय, वयनी."

मी सुनेला हाक मारली आणि सांगितलं, चहा उतरव, कुणी घेणार नाही.