सुलभाकाकूंची गिरकी

सुलभाकाकूंच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या आमच्या नाचाच्या हॉलच्या खिडक्या उघडत होते. "आई गेली गं... झोपेतच." खाली रिक्षावाल्यांचं "अलिबाग, अलिबाग" चालूच होतं. मी खिडकी पुन्हा लावून घेतली आणि मुलींना घरी पाठवलं. त्याला आता काही आठवडे झाले, तरी जिन्यावर चपला वाजल्या की मला सुलभाकाकूच आल्याशा वाटतात.

रेवदंड्यात मी बॅले शिकवते याचंच लोकांना हसू येतं. त्यात काकू आल्या तेव्हा साठी ओलांडलेली, नागावच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरची नारळी-पोफळीची वाडी. विहिरीपाशी तोल जाऊन पडल्या होत्या. कानातला दोष निघाला आणि घरच्यांनी वाडीत एकटीने जायला बंदी घातली. वाडी म्हणजे त्यांचा जीव. "मला माझ्या पायावर उभी कर गो," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मी काही डॉक्टर नाही. "ते कळतं मला. पण तुझ्या मुली एका पायावर उभ्या राहतात, ते मी बघितलंय."

जिना चढल्यावर मी त्यांच्यासाठी 'बाई' आणि 'तुम्ही', उतरल्यावर पुन्हा 'अगो' आणि 'तू'. "जन्मभर लोकांनी मला बाई म्हटलं, आता माझी पाळी," म्हणायच्या. गिरकी घेताना नजर एका जागी रोवायची, अंग फिरलं तरी डोकं सगळ्यांत शेवटी वळवून पुन्हा तिथेच आणायचं, हे मी शिकवलं. काकूंनी खिडकीतून दिसणाऱ्या, खाडीत नांगरलेल्या एका होडीचा बावटा निवडला. माझं बोट धरून गिरक्या घेत राहिल्या आणि दर वेळी आधीपेक्षा जरा जास्तच डावीकडे तोंड करून थांबल्या. अगदी रडकुंडीला आल्या. "बाई, माझं डोकं कामातनं गेलं आता." मी बाहेर बघितलं तर भरती लागलेली, होडी नांगरावर वळून पार खिडकीच्या कडेला गेलेली... आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट धरधरून हसलो. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचं ठरलं.

नाचताना काकूंचा चेहरा मात्र परीक्षेत पहारा करणाऱ्या बाईंचा. मी म्हटलं, खूप आवडतं कुणीतरी समोरून येतंय असं समजा. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि चेहरा असा उजळला की मुली सराव सोडून बघत राहिल्या. कोण आलं, मी विचारलं. "येतंय कोण! नव्या पोफळीला पहिला घड धरलाय."

पण हात काही सुटला नाही. मी बोट काढून घेतलं की त्या जागच्या जागी थिजत. आमच्या कार्यक्रमातही बोट धरूनच गिरकी घेतली. "माझ्यानं नाही व्हायचं, बाई," म्हणाल्या, तेव्हा मला त्यांच्या वाडीसाठी फार वाईट वाटलं. पुढे गुडघ्यांमुळे जिना झेपेना, तेव्हा घरीच सराव करते म्हणाल्या.

परवा नागावला गेले. वैशाली तिथेच होमस्टे चालवते. ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. काकू रोज सकाळी गुडघ्यांना खोबरेल चोळायच्या. त्याच तेलकट हातांचे डाग चुन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला उमटले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी अख्खा पंजा, पुन्हा पुन्हा टेकून काळपट झालेला. जात्याच्या पुढे नुसती बोटं. मग एकच बोट. आणि तिथून वाडीच्या दारापर्यंत भिंत पांढरीस्वच्छ.

"इथनं पुढं?" मी विचारलं.

"इथनं पुढं हात सोडायची. टाचा उचलून चालत जायची, दाराशी एक गिरकी घ्यायची नि वाडीत. एकटी." वैशालीने वाडीचं दार उघडलं. "बाईंना सांगू नको म्हणायची. यंदाच्या कार्यक्रमात सगळ्यांदेखत दाखवणार होती."

सुट्ट्यांच्या आधी घराला रंग काढायचा आहे. पडवीला हात लावू नका, असं वैशालीने रंगाऱ्याला बजावलंय. मी त्या भिंतीच्या कडेने वाडीच्या दारापर्यंत चालत गेले. डोळे भरून आले, आधारासाठी माझा हात आपोआप पांढऱ्या भिंतीकडे गेला... आणि मी तो मागे घेतला.