सरांची निळी रेघ

सर पाचच्या ठोक्याला बॅग उचलायचे आणि पाच-वीसच्या इंदापूर गाडीला निघायचे. मग वर्गात कुणी शंका विचारत असो, की दारात प्राचार्य उभे असोत. एकदा स्नेहसंमेलनात खुद्द सरांचाच सत्कार होता. पाहुण्यांचं भाषण लांबलं, सर उठून गेले आणि शाल-नारळ टेबलावर तसेच राहिले. आम्ही पोरांनी त्यांचं नावच 'पाच-वीस' ठेवलं होतं. कुणी म्हणे घरी म्हशीची धार काढायची असते, कुणी म्हणे बायको कडक आहे. घरी त्यांचं कुणीच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

बारामतीच्या आमच्या कॉलेजात सर जैवतंत्रज्ञान शिकवायचे. मी मोरगावची. पदवी झाल्यावर त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. सरांची आणखी एक खोड होती. बाजूने नमस्कार केला तर ओळख द्यायचे नाहीत, अगदी पुढ्यात जाऊन उभं राहिलं की मात्र तोंडभर हसायचे. गर्विष्ठ म्हणून त्यांची ख्याती होती आणि त्या ख्यातीत मीही आपली भर घातली आहे. टेबलावरची वस्तू शोधताना ते कोंबडीसारखी मान इकडून तिकडे फिरवायचे. एखादी वस्तू आम्ही जागची हलवली तर रागवायचे नाहीत, नुसते टेबलावर हात ठेवून उभे राहायचे. रागावले असते तर परवडलं असतं.

एके दिवशी मी स्टूल वाटेतच ठेवलं. सर अडखळून पडले, हातातला काचेचा चंबू फुटला, आठवड्याचं काम फरशीवर सांडलं. माझी जीभ मुळातच फटकळ. "सर, एवढं मोठं स्टूल दिसलं न्हाय व्हय?" असं मी बोलून गेले.

"न्हाय दिसलं," सर खाली बसूनच म्हणाले. "मला बाजूचं दिसतच न्हाय. पोंगळीतनं बघितल्यागत समोरचं तेवढं दिसतं. आन् दिवस मावळला की तेबी न्हाय."

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरचं बोलणं आलं. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

काचा वेचता वेचता त्यांनी मग सगळं सांगितलं. हा आजार आईकडून आलेला. त्यांच्या मामूंचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान होतं. पन्नाशीत मामूंचे डोळे पूर्ण गेले, तरी बाईचा पंजा नुसता दाबून ते बांगडीचं माप सांगायचे. सरांचं लग्न ठरलं होतं, ते त्यांनी स्वतःच मोडलं. मुलगा झाला तर तो सुटेल, पण मुलगी झाली तर तिच्या पोटी पुन्हा हेच येऊ शकेल, एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

आपल्या पेशीत माल बारीक बारीक पुड्यांतून सारखा इकडून तिकडे जात असतो. कोणती पुडी कुठे उतरायची हे बघणारी काही प्रथिनं असतात, आणि त्या प्रथिनांना त्यांच्या जागेवर नेऊन पोचवणारं आणखी एक असतं. सर त्याला 'सोबती' म्हणायचे. सरांच्या अंगात नेमकं तेच तयार होत नव्हतं. बाकीच्या शरीरात त्याचा एक भाऊबंद वेळ मारून नेतो, डोळ्यांत मात्र त्याच्यावाचून भागत नाही. माणसाचं ते जनुक जिवाणूत घालायचं आणि जिवाणूकडून ते प्रथिन घडवून घ्यायचं, हा सरांचा ध्यास होता. त्याने डोळे बरे होतील का, असं मी विचारलं.

"छ्या. बाटलीतलं डोळ्यात घालून भागत न्हाय. औषधाचं बघणारी मोठी माणसं हायत. मला निस्तं बघायचंय. जे माझ्यात न्हाय ते कसं दिसतं, डोळं हायत तवर एकदा बघायचंय."

जिवाणू मजेत वाढायचे, पण प्रथिनाची घडी नीट बसायची नाही आणि ते गाळ होऊन तळाशी जायचं. आम्हाला ते हवं होतं वरच्या निवळीत. त्यासाठी सगळं थंड ठेवावं लागे, आणि बारामतीच्या उन्हाळ्यात जिवाणू वाढवायचं आमचं यंत्र धापा टाकायचं. मग मी शेजारच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणायची आणि फोडून यंत्राभोवती रचायची. निवळी गाळून तिचा एक थेंब आणि गाळाचा एक थेंब पातळ पारदर्शक जेलच्या वेगवेगळ्या घरांत चालवायचा, जेल निळ्या रंगात बुडवायचं आणि रात्रभर जादा रंग धुवायला ठेवायचं. प्रथिन असेल तर तिथे निळी रेघ उरते. सकाळी जेल प्रकाशाच्या पेटीवर ठेवलं की मी म्हणायची, "न्हाय सर, गाळातच." सर वाकून बघायचे आणि "न्हाय" म्हणायचे. अशी तीन वर्षं गेली.

ईदच्या दिवशीसुद्धा सर नमाज आटोपून कॉलेजात यायचे. स्वतःच्या हाताने केलेला, जरा जास्तच गोड झालेला शीरखुर्मा डब्यात घेऊन. आज तरी घरी थांबायचं, असं म्हटलं तर म्हणाले, घरात बसून कुणाची वाट बघू? इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एका सकाळी ती रेघ आली. निवळीच्या घरात, जिथे यायला हवी बरोबर तिथे. मी ओरडणारच होते, पण तोंड दाबून धरलं. तीन वर्षं वाट बघितलेल्या माणसाने ती आधी बघावी, आपण मध्ये तोंड घालू नये, असं मला वाटलं. सर आले. पेटीवर वाकले. सर बराच वेळ तसेच राहिले. मग हळूच म्हणाले, "आजबी न्हाय ना?"

रेघ त्यांच्या नाकासमोर होती.

इतके दिवस ते माझ्या आवाजावरून 'न्हाय' म्हणत होते.

"हाय, सर," मी म्हणाले.

सरांनी काचेवर बोट टेकवलं. मी ते बोट धरून रेघेवर नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी विचारलं, कधीपासून? दिवाळीपासून, म्हणाले. का नाही सांगितलंत, असं मला ओरडून विचारायचं होतं, पण रडूच आलं. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तपासून, ते तेच प्रथिन असल्याचं कळवलं. ते पत्रही मीच वाचून दाखवलं. त्याच वर्षी सरांनी नोकरी सोडली.

आता ते इंदापुरातच असतात, पूर्ण अंधारात. दोन-तीन महिन्यांनी मी जाऊन येते. चहा झाला की ठरलेला प्रश्न येतो, "कशी होती गं ती रेघ?" मी सांगते. त्यांना बरं वाटावं म्हणून दर वेळी थोडं थोडं वाढवत गेले असेन. परवा मी म्हणाले, चांगली बोटभर रुंद होती, गडद निळी.

सरांनी मान हलवली. "पयल्यांदा नखानं वढल्यागत म्हणाली हुतीस."

मी कपबशा गोळा करायला लागले.

"वाढवू नगंस, पोरी. खोटी झाली तर माझ्याकडं कायच उरत न्हाय."

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नखाने ओढावी तेवढीच बारीक होती, सर. फिकट होती. डाव्या टोकाला जराशी वाकडी होती.