सुनेची तोंडी परीक्षा

आमच्या सुनेला इथे इंग्लंडात व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, म्हणून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांनी अभिनंदन केलं ते माझं. "सासऱ्यांनी घरी बसवून इंग्लिश शिकवलं, म्हणून पोरगी पास झाली," असं अजूनही बोलतात. मी मान डोलावतो. आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि हे मान डोलावणं जड जाऊ लागलं आहे, म्हणून लिहितो.

मी स्वतः व्हेट. नागपूरला शिकलो, तरुणपणी इकडे आलो आणि निवृत्त होईपर्यंत याच गावात कुत्री-मांजरं तपासली. सून परभणीच्या कॉलेजातली. अडलेली म्हैस सोडवण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे मी तिच्या बोलण्यावरून ओळखलं होतं. पण इथली परीक्षा दिल्याशिवाय तिला उपचार करता येणार नव्हते. ती कुत्री सांभाळणाऱ्या एका केनेलमध्ये पिंजरे धुवायला जायची. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मी डॉक्टर होते हे आता मलाच खोटं वाटायला लागलंय."

"उद्यापासून बसायचं," मी म्हटलं.

तिचं पुस्तकी इंग्लिश पक्कं होतं. आजारांची, औषधांची, हाडांची नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. अडत होतं मालकांशी बोलण्यात. या परीक्षेत एका खोलीत नट किंवा नटी मालक होऊन बसते आणि तिला तिच्या जनावराचा आजार समजावून सांगायचा असतो. लाळ गळण्याला पुस्तकात काय म्हणतात ते सुनेला ठाऊक, पण मालकीणबाई 'ड्रूल' म्हणाल्या की ती क्षणभर थांबायची. तो क्षण मला खपत नसे.

"थांबू नकोस! थांबलीस की त्यांना वाटतं, हिला येत नाही."

मी शिकलो तसंच शिकवत होतो. आमच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे. उत्तर देताना जरा श्वास घेतला की ते दुसरा, आणखी अवघड प्रश्न टाकायचे. म्हणून आम्ही श्वासच घेत नसू. कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, सगळं एका दमात. सोफ्यावरची उशी म्हणजे कुत्रा, मी म्हणजे मालक, आणि सून माझ्यासमोर गाडी सुटल्यासारखी बोलायची. मी खूश व्हायचो.

त्या परीक्षेत ती नापास झाली. निकालासोबत शेरे आले होते. चहा गाळताना तिने मला सांगितलं, "त्यांचं म्हणणं आहे, मी मालकिणीला बोलूच दिलं नाही."

"घाबरली असशील," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. तसंच असेल." मंडळात कुणी विचारलं की मी सांगायचो, नर्व्हस झाली हो. ती शेजारी उभी असायची आणि हसायची. माझी शिकवणी चुकली, असं ती एकदाही कुणाला म्हणाली नाही. माझ्या मुलालाही नाही.

पुन्हा परीक्षा द्यायची ठरली. यावेळी जमलं नाही तर नाद सोडून एखादं ऑफिसातलं काम बघायचं, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं. रविवारी मी उशी घेऊन बसलो, तर ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "आई, आज तुम्ही व्हा ना मालकीण. बाबा मालक कमी आणि परीक्षक जास्त होतात."

"आणि मी ग कसली मालकीण? कणीक भिजवतेय."

"हात धुऊन या."

माझी बायको कितीतरी वर्षं इथल्या शाळेच्या ऑफिसात होती. तिचं इंग्लिश ऑफिसच्या खिडकीशी येणाऱ्या मुलांच्या आयांकडून शिकलेलं, माझ्यापेक्षा सहज. तिने उशी मांडीवर घेतली. सुनेने विचारलं, काय होतंय याला? बायको म्हणाली, खात नाही. पाणी मात्र सारखं पितो. आता जिना चढत नाही.

मूत्रपिंडं गेली आहेत, आता त्याला कायमचं झोपवावं लागेल, अशी दोन वाक्यं सुनेने सांगितली. मग मी हाताने 'पुढे, पुढे' अशी खूण केली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती थांबली.

बायको उशीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. घड्याळ ऐकू येऊ लागलं. मला राहवत नव्हतं. आणि मग बायको इंग्लिशमध्येच, अगदी हळू म्हणाली, "माझा मुलगा शुक्रवारी येतोय. तोपर्यंत थांबता येईल का?"

हे नाटकातलं वाक्य नव्हतं. आमच्याकडे पूर्वी एक कुत्रा होता. म्हातारा झाला, मूत्रपिंडं गेली. मुलगा तेव्हा बर्मिंगहॅमला शिकत होता आणि शुक्रवारी घरी येणार होता. मी बायकोला समोर बसवून रक्ताचे रिपोर्ट समजावले, आकडे सांगितले, पुढे काय काय होईल ते सांगितलं. ती काही विचारायला तोंड उघडायची आणि मी पुढचं सांगायचो. गुरुवारी सकाळी त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. मुलाला फोनवर म्हटलं, थांबणं शक्यच नव्हतं रे.

शक्य होतं. सलाइन लावून, दुखणं कमी ठेवून एक दिवस सहज निघाला असता. मलाच ते बघवत नव्हतं.

सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. ती सोप्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "हो, थांबू. तोपर्यंत त्याला त्रास होऊ नये, हे मी बघते. तुमच्या मुलाला त्याला भेटू दे." एकही मोठा शब्द नाही.

बायकोने उशी खाली ठेवली. "कणीक वाळेल," म्हणत आत गेली.

"आई काय ॲक्टिंग करतात ना!" सून मला कुजबुजली.

त्यानंतरची सगळी शिकवणी बायकोने केली. मी चहा करायचो. परीक्षेहून परतल्यावर सून म्हणाली, "बाबा, नटी खरंच रडली. मी नुसती बसले. मग तिनेच विचारलं, पुढे काय करायचं." ती पास झाली.

त्या संध्याकाळी मुलगा बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय मिठाईच्या दुकानातून पेढे घेऊन आला आणि पहिला माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "गुरुदक्षिणा, बाबा."

पेढा हातात तसाच राहिला. मी सांगितलं. पहिल्यांदा ती का नापास झाली ते, आणि दुसऱ्यांदा तिला कुणी शिकवलं ते. ते सांगताना कुत्र्याचंही सांगावं लागलं. गुरुवार आणि शुक्रवार.

सून म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना." बायकोला मात्र माझ्या मदतीला यायचं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

मुलाने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. माझ्या तोंडाशी कितीतरी कारणं आली होती. मी ती गिळली.

शेवटी त्याने विचारलं, "त्या गुरुवारी काही खाल्लं होतं का त्याने?"

"हो," मी म्हटलं. "आईच्या हातून थोडा दहीभात खाल्ला."