भाकरीवरचे हात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भाकऱ्या बांधायचं. बायकोने तव्यावरून उतरवल्या, मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळल्या आणि ते गाठोडं स्वेटरच्या आत पोटाशी धरलं. खालची बटणं तिने लावली. थंडीत माझ्या बोटांना बटण जमत नाही. मधली दोन तिने उघडी ठेवली, हात आत जायला. भाकऱ्या उरणला लेकीकडे पोचल्यावर खायच्याच असायच्या, पण त्याआधी त्या हात शेकायला.

ही सवय रबाळ्याच्या कंपनीतली. पहिल्या पाळीला जाताना डब्यातली भाकरी मी पोटाशी ठेवायचो. रिटायर झालो तरी ती सुटली नाही. लेक उरणला गोदामात कामाला. ती निघायच्या आत तिच्या लहानग्याला सांभाळायला आम्ही जुईनगरहून पहाटेच स्कूटर काढायचो. नवी मुंबईत कसली आलीय थंडी, असं लोक म्हणतात. म्हणोत. माझ्या वयाचे होऊन खाडीवरून एकदा स्कूटर चालवा म्हणावं. बोटं लाकडं होतात. ब्रेक दाबला की नाही तेसुद्धा कळत नाही, आणि बाजूने कंटेनर जातात.

मुलाने चामड्याचे काळे हातमोजे आणून दिले होते. ते घालून मी एकदा खाली उतरलो तर ही म्हणाली, "कुणाचं घर फोडायला निघालात?" पुन्हा घातले नाहीत. तसाही त्यातून ब्रेक हाताला लागत नव्हता.

ती मागे एका बाजूला बसायची, साडीवर माझं जुनं जर्किन घालून. दोन्ही हात माझ्या कमरेवरून पुढे आणून स्वेटरच्या आत, भाकरीवर. सिग्नल लागला की मी माझेही हात आत घालायचो. ती जरा सरकून जागा द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने कधी माझा हात धरला नाही. हे चालायचं, कारण स्वेटरच्या आतलं कुणाला दिसत नव्हतं.

त्या दिवसाच्या आदल्या रात्री तिच्या छातीत जळजळत होतं. सोडा प्यायली, बरं वाटतंय म्हणाली. बेलापूर सोडलं तोवर तिची बडबड चालू होती, हळू चालवा, कडेने घ्या. मग बंद झाली. मला वाटलं डुलकी लागली.

उलव्याच्या अलीकडे सिग्नल लागला. मी हात आत घातले. भाकरी चांगली गरम होती आणि तिचे हात गार होते. गार आणि घामाने ओले. ती सरकली नाही.

मी म्हटलं, "काय गं?"

"थांबू नका," ती म्हणाली. "इथं कोन नाय."

खरंच कोणी नव्हतं. नुसते कंटेनर, एकामागे एक. रिक्षा नाही, दुकान उघडं नाही. उलव्यात दवाखाना आहे हे ठाऊक होतं. तेवढ्यात तिचं डोकं माझ्या पाठीवर आलं. सगळा भार आला. एका बाजूला बसलेलं माणूस सुटलं तर सरळ रस्त्यावर, मागच्या कंटेनरच्या चाकांखाली. मी डाव्या हाताने तिची दोन्ही मनगटं पोटाशी दाबून धरली आणि एका हाताने गाडी काढली.

मागचा ब्रेक डाव्या हाताचा, तो गेला. पुढचाच राहिला. रस्त्यावर दव आणि वाळू. पुढचा ब्रेक जोरात मारला तर दोघंही पडणार, नाही मारला तर कशावर तरी जाऊन आदळणार. उजव्या हाताची बोटं मला जाणवतच नव्हती. डोळ्यांनी बघत होतो, बोटं ब्रेकवर आहेत का. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नाही. पोलिसाला नाही, सायबाला नाही, कंपनीत आग लागली तेव्हाही नाही. तिला म्हणत राहिलो, धर, धर. तिने धरलं नव्हतं. मीच धरलं होतं.

दवाखान्याच्या दारात वॉचमन धावत आला. मला मूठ सोडता येईना. त्याने एकेक बोट उचलून सोडवली, मग दोघांनी तिला उतरवलं. आत नेली. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले, वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. ते मला सांगत होते आणि भाकरी पोटाला कोमट लागत होती.

संध्याकाळपर्यंत स्मशानातलं सगळं उरकलं. घर माणसांनी भरलं होतं. स्कूटर कुणाच्या ध्यानात नव्हती, ती उलव्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुणाला न सांगता बसने गेलो. स्कूटर तिथेच होती, सीटवर दव. फडक्याने पुसली. किल्ली लावली. बसायला गेलो आणि पाय उचलेना. बसलो की हात आपोआप पोटाशी जाणार, हे कळत होतं. स्टँड काढला, हँडल धरलं आणि ढकलत निघालो.

कंटेनरच्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला हळू झाला. पेट्रोल संपलं का, त्याने विचारलं. संपलं म्हटलं.

"बसा बाबा, मागून पाय लावतो. पंपापर्यंत सोडतो."

नको म्हटलं. तो थोडा वेळ बाजूने चालला, काय हट्टी म्हातारा म्हणत असेल, मग गेला. मी कडेने ढकलत राहिलो.