नदीकाठचं ते घर आम्ही का घेतलं नाही

उन्हाळ्याचे दिवस होते. रिसोडला नदीकाठच्या एका घरात उभी राहून मी चूल कुठे मांडायची ते मनातल्या मनात ठरवत होते... पन्नासच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आम्ही मानोऱ्याकडच्या खेड्यातले. यांना रिसोडला अडत दुकानात नोकरी लागली, म्हणून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथे घर घ्यायचं ठरवलं.

घर दाऊदभाई पिंजाऱ्यांचं. मुलगा अकोल्याला होता, तो दोघा म्हाताऱ्यांना तिकडे बोलावत होता. घर ऐसपैस, मोठं अंगण... नदी आटलेली, पात्रात शेळ्या चरत होत्या. पुराचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

पुरुष मंडळी ओट्यावर सौदा बोलत बसली. मी आत, दाऊदभाईंच्या बायकोजवळ, हमीदा खालांजवळ. खिडकीखालची जागा दाखवून मी चुलीचं बोलले.

त्या बाहेर एक नजर टाकून हळूच म्हणाल्या, "बेटी, इथं चूल नोको मांडू. मोठा पूर आला का पानी खिडकीले लागते. आमाले माळ्यावर चढून बसा लागते."

मामाजींसमोर तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी दाराआड जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मामाजी, या घरात पुराचं पानी येते म्हनतात."

मामाजी दाऊदभाईंकडे वळले.

"काहून दाऊदभाई, येते का पानी?" मामाजींनी विचारलं.

"येते," दाऊदभाई खाली बघत म्हणाले. "दरसाल नाई येत."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं नाई."

सौदा तिथेच थांबला. मामाजी रागावले नाहीत, चहा पिऊन उठले. पण मग भेटेल त्याला विचारत सुटले... पूर आला की पाणी कुठवर चढतं? शेवटी बाजाराच्या वरच्या अंगाला, चढावर, दोन खोल्यांचं घर घेतलं. अंगण नाही, पाणी लांबून आणायचं. मी मनातून जरा खट्टूच होते.

पुढच्या वर्षी भाद्रपदात नदी आली. दुपारपर्यंत खालची आळी पाण्यात... मामाजी आणि हे धावत गेले. दाऊदभाईंचं घर विकलं गेलंच नव्हतं. येईल त्या गिऱ्हाइकाला खाला आधी पाण्याचं सांगत, आणि गिऱ्हाईक परत जाई. दाऊदभाई आणि खाला त्यांच्यासोबत ओलेचिंब होऊन आमच्या दारात आले.

चिखल निघेपर्यंत ते आमच्याकडेच राहिले. सासूबाईंनी सुरुवातीला त्यांची भांडी वेगळी ठेवली होती. पुढे ती कधी आमच्यात मिसळली, कळलंही नाही.

एकदा भाकरी थापता थापता मी खालांना विचारलं, "तुमी तवा गप राह्यल्या असत्या तं आज अकोल्यात असत्या. मले काहून सांगतलं?"

माझी मुलगी त्यांच्या मांडीवर खेळत होती. त्या म्हणाल्या, "तू बोलता बोलता भिंतीचा खपला काढून तोंडात टाकत होती. मले समजलं. घरात कोनाले सांगतलं नव्हतं ना तू?"

नव्हतं सांगितलं... यांनासुद्धा नाही.

"या घरात लेकरू रांगन, असं मनात आलं," खाला म्हणाल्या. "मंग मले गप राहवलं नाई."

तव्यावरची भाकरी करपली.

नंतर एका रंगाऱ्याने ती जागा घेतली... खालांकडून सगळं ऐकून, फक्त कपडे रंगवायला. राहायला तो वरच्या आळीतच राहिला. खाला आणि दाऊदभाई अकोल्याला गेले. जाताना खाला मुलीचे मुके घेत कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या.

आता मला नीट दिसत नाही, म्हणून मी सांगतेय आणि तीच मुलगी हे टाईप करतेय. स्वतः सत्तरीची झालीय. मघाशी वाचून दाखव म्हटलं, तर कळलं, हिने सगळीकडे 'हमीदा नानी' लिहिलंय... तुमचा गोंधळ नको म्हणून मी 'खाला' करायला लावलं. पण खरं नातं नानीचंच आहे.