रॅम्पशेजारची जागा

"ही कोणी ओकून ठेवल्यान हय?"

आवारात भलत्या जागी उभी केलेली मोटार दिसली की मॅडम ओढणीचं टोक नाकाला लावत आणि एवढंच विचारत. गाडी नवीकोरी असो, सकाळीच धुऊन आणलेली असो, प्रश्न तोच. खारेपाटणच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान होतं. बांगड्यांच्या ढिगाशेजारी बसून अभ्यास केलेली बाई. कुठल्या वासाला नाक मुरडणं त्यांना माहीतच नव्हतं. ओढणी नाकाला लागायची ती फक्त आमच्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांसमोर.

आमचं कॉलेज कणकवलीत, हायवेपासून थोडं आत, चढावर. मी तिथे ग्रंथपाल, त्या रसायनशास्त्र शिकवत. एकेकाळी मुलं एसटीने येत आणि घामाघूम होऊन चढ चढत. मग हायवेच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या, पैसे आले आणि पैशांच्या मोटारी झाल्या. तुमच्याही गावातल्या कॉलेजच्या फाटकावर तुम्ही हे पाहिलं असेल. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेलं पोर, काळ्या काचा, मागच्या काचेवर बापाचं पद मोठ्या अक्षरांत आणि आत असा धडधडाट की प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या स्टँडमध्ये थरथरायच्या. तास सुटला की त्याच काचा खाली होऊन गुटख्याची पिचकारी वाटेवर पडायची. त्यावरून आम्ही सगळे धोतर सावरल्यासारखे पाय उचलून चालायचो आणि काही बोलायचो नाही.

मॅडम बोलायच्या. म्हणून प्राचार्यांनी वाहन समिती काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "त्या तशाही ओरडतातच," असं ते हसून म्हणाले होते.

मॅडमनी नियम केला साधा. विद्यार्थ्यांच्या गाड्या फाटकाजवळच्या खालच्या पटांगणात लावायच्या आणि चालत वर यायचं. वर गाडी आणायची फक्त ज्यांना चालता येत नाही त्यांनी. नियम लागला आणि आमच्या कॉलेजात एकाएकी लंगड्यांची साथ आली. क्रिकेटच्या संघातला एक धिप्पाड मुलगा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला.

"गुडघो दुखता तुझो?"

"हो मॅडम. खूप."

"मगे रविवारी धावलंस ता कोणाच्या गुडघ्यान?"

मुलगा चिठ्ठी खिशात घालून गेला. त्याची गाडी मात्र दुसऱ्या दिवशीही वरच होती.

खरोखर चालता न येणारी अशी एकच मुलगी होती, नांदगावची. जन्मापासून एक पाय अधू. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून यायची. वर्गात जायच्या रॅम्पशेजारची जागा तिच्यासाठी राखली होती, तसा फलकही लावला होता. त्या फलकाला नाक टेकवून कोणाची ना कोणाची मोटार उभी असायचीच. एकदा ती प्रॅक्टिकलला उशिरा आली. भर उन्हात स्कूटर लांब लावून, कठड्याला धरत धरत आली होती. कपाळावरचा घाम पुसत एवढंच म्हणाली, "मॅडम, जागा नाय होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयाची खिडकी उघडली तर मॅडम त्या जागेत स्वतः उभ्या. डोक्यावर छत्री, हातात पर्स. मुलगी आली, स्कूटर लागली, तशा त्या वर्गावर गेल्या. मग ते रोजचंच झालं.

मी म्हटलं, "मॅडम, शिपायाला उभा करा ना."

"शिपायाक ते बाजूक सारतत," त्या म्हणाल्या. "माका सारून बघूंदेत."

त्या मुलीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मला खिडकीत ऐकू आलं होतं, "मॅडम, माका लाज वाटता."

"तुका कित्याक गो? जेंका वाटूक होयी, तेंका वाटणा नाय." आणि त्यांनी तिच्या दप्तराचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट केला.

मग ती पांढरी गाडी आली. उंच, माणसाच्या छातीएवढ्या नाकाची. चालवणाऱ्या मुलाचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर. मुलाने हॉर्न दिला. मॅडम हलल्या नाहीत. पुन्हा दिला, लांबलचक. मी पुस्तकं ठेवून खिडकीशी गेलो.

काच खाली झाली. "मॅडम, बाजूला व्हा ना. लेक्चर आहे."

"माका पण आसा."

आत बसलेले मित्र खिदळले. एकाने मोबाइल वर धरला. गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, गुरं हाकलावी तशी. बंपर ओढणीला टेकला. मॅडम एक पाऊल बाजूला झाल्या असत्या तर त्या आजही सरळ चालल्या असत्या. त्या झाल्या नाहीत. मग मला एक आवाज ऐकू आला. माणसाच्या तोंडून असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, आणि तो मॅडमचा आहे हे कळायला मला वेळ लागला.

मी धावत खाली गेलो. चाक पावलावरून गेलं होतं. चप्पल चपटी होऊन पडली होती. मॅडम जमिनीवर बसल्या होत्या, ओढणीचं टोक दातांत घट्ट धरून. आणि त्या मुलाने काय केलं असेल? आधी गाडी मागे घेतली, आंब्याच्या सावलीत नीट लावली आणि मग उतरला. मोबाइलवाला अजून चित्रण करतच होता.

दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये. संध्याकाळी मुलाचे वडील आले, सोबत प्राचार्य. फळांची परडी, वर चकचकीत कागद.

"पोरगा आहे मॅडम. ब्रेकवरून पाय घसरला. तुम्ही त्याला आईसारख्या."

"मी तेची आवस असतंय तर तो आज चलत घराक गेलो असतो," मॅडम म्हणाल्या. मग परडीकडे बघून, "ह्या उचला. माका ओकारी येता."

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. मित्रांनी घेतलेलं चित्रण मित्रांनीच हसरे चेहरे जोडून गावभर पाठवलं होतं, तेच पुरावा ठरलं. नांदगावच्या मुलीने जबाब दिला. तिचे वडील स्टेशनवर रिक्षा चालवतात, त्यांना कोणी कोणी येऊन समजावून गेलं. तरी तिने दिला.

आमच्या स्टाफरूममध्ये मात्र सुस्कारे. "इतकं ताणायला नको होतं." एक प्राध्यापक म्हणाले, "त्या लोकांचं मुळातच..." आणि वाक्य अर्धं सोडून चहात बिस्किट बुडवायला लागले. ईदला मॅडमच्या हातच्या शेवया ते वर्षानुवर्षं मागून खात आले होते.

केस चालू राहिली. मुलाला वडिलांनी पुण्याच्या कॉलेजात घातलं, जाताना आणखी मोठी गाडी दिली. वाहन समिती बरखास्त झाली. कारण दिलं होतं, 'सर्व सुरळीत असल्यामुळे'.

मॅडम परतल्या त्या काठी घेऊन. त्यांच्याच नियमाने त्यांची रिक्षा आता वर येऊ शकत होती. पण त्या फाटकाशी उतरायच्या. "माका अजून चलाक येता," म्हणायच्या, आणि चढावर तीनदा थांबायच्या. पहिल्या दिवशी मुलीने फाटकाशी स्कूटर थांबवून "मॅडम, बसा" म्हटलं तेव्हा त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या. काठी आडवी मांडीवर, एक हात मुलीच्या खांद्यावर. चढावर ती स्कूटर कण्हायची. दोघी काहीतरी बोलत हसत असायच्या, आणि गाड्यांना टेकून उभी असलेली पोरं दुसरीकडे बघायची. त्या दिवसांत रॅम्पशेजारी कोणी मोटार लावली नाही. शरम वाटून नव्हे. कोर्टाच्या तारखा चालू होत्या म्हणून.

मग मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ ठेवला. प्रमुख पाहुणे कोण, तर त्याच मुलाचे वडील. तोवर ते संस्थेचे उपाध्यक्ष झाले होते. प्राचार्यांनी भाषणात 'मॅडमची शिस्त' हा शब्द इतक्या वेळा वापरला की मी खाली मान घालून बसलो. पाहुणे उठले, शाल उलगडली, फोटोसाठी थांबले.

मॅडम काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मालवणी नव्हे, ऑफिसात बोलतात ती मराठी.

"तुमचा हात माझ्या अंगाला लागू देऊ नका."

त्या व्यासपीठाच्या पायऱ्या एकेक करत उतरल्या आणि बाजूच्या दाराने बाहेर पडल्या. मी उठून दारापर्यंत गेलो. नांदगावची मुलगी पास होऊन गेली होती, पण त्या दिवशी मुद्दाम आली होती. रॅम्पशेजारी स्कूटरवर बसून होती. मॅडम मागे बसल्या. दुतर्फा पाहुण्यांच्या मोटारी लागल्या होत्या, त्यांच्या मधून स्कूटर हळूहळू वाट काढत उतारावरून खाली गेली.

आत सूत्रसंचालक माइकवर सांगत होता की, मॅडमना काही घरगुती कारणामुळे लवकर निघावं लागलं आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.