दाराजवळची खुर्ची

सदाशिव पेठेत दारू सोडणाऱ्यांची आमची सभा भरते. तिथे खुर्च्या मांडायला एक निवृत्त हेडक्लार्क असतात. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मित्रासाठी चौकशी करायला आलोय." तोंडात मूठभर बडीशेप होती. त्यांनी दाराशी खुर्ची दिली. "बसा. मित्रांना दाराजवळच बरं वाटतं."

पुढे दर गुरुवारी माझी खुर्ची वीतभर आत सरकलेली असायची. दोन महिन्यांत मी सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, तरी गोष्टी मित्राच्याच सांगत होतो. मग तीन आठवडे फिरकलो नाही. पीत होतो.

परवा बोलणी खायच्या तयारीने गेलो. खुर्ची पुन्हा दाराशी मांडलेली होती.

"बसा. मित्र कसे आहेत?"

"आज तोच आलाय," मी म्हणालो.